तान्ह्यांची मोच

जाफराबादच्या सरकारी दवाखान्यात बाबांच्या औषधासाठी माझी नेहमी खेप असे. तिथल्या कारकुनाचं नाव मी कधी विचारलं नाही, आणि त्यानं मला रोगाखेरीज काही विचारलं नाही. प्रत्येक वाक्यानंतर तो "बराबर?" म्हणे आणि उत्तराची वाट न पाहता टाक दौतीत बुडवी.

जन्मतःच आत वळलेले पाय डॉक्टर हातानं हळूहळू सरळ करून पट्ट्या बांधत. पण कारकुनाच्या उर्दू वहीत या व्यंगाला रकानाच नव्हता. मग अशी सगळी लेकरं तो 'मोच', म्हणजे मुरगळ, या रकान्यात टाकी.

"सरकारात वाकडा पाय न्हाईच. बराबर?"

वरच्या साहेबानं कागद पाहून हुकूम धाडला: लेकरं पळताना पाय मुरगळून घेतात, आयांना ताकीद द्या.

त्या दिवशी समोर पिंपळगावची बाई बसली होती. मांडीवर दीड महिन्याचं पोर, दोन्ही पाय पट्ट्यांत. कारकुनानं टोपी सारखी केली, घसा खाकरला.

"ह्याला बिलकुल पळू द्यायचं न्हाई. बराबर?"

तो दौतीकडं वळला, तेवढ्यात बाई म्हणाली, "सायब, त्यानं पळावं म्हनूनच तर आनलंय."