सोजरबाईंचा खोकला

चाकणजवळच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये सोजरबाई पोळ्या लाटायच्या. बाई मोठी फटकळ, खळखळून हसणारी. पण गेल्या काही वर्षांत ते हसणं आटलं होतं. शिंक आली, कणकेची परात उचलली की लघवी सुटायची. मग गडद साड्या नेसायच्या, आत जुन्या कापडाच्या घड्या ठेवायच्या, भर उन्हाळ्यातही पाणी घोटाघोटानं प्यायचं. नवऱ्याला, बबनरावांना, याची गंधवार्ता नव्हती.

नातीच्या जावळाला त्यांनी हौसेनं पोरीला कडेवर उचललं आणि भरल्या मांडवात पायावरून ओघळ आला. पोर कुणाच्या तरी हातात कोंबून त्या मोरीत पळाल्या. त्यानंतर त्यांनी नातीला कधी उचललंच नाही.

सुनेनं, मिनलनं, याचा वेगळाच अर्थ लावला. एकदा पोर उंबऱ्याला अडखळून पडली, आजीकडे हात पसरून रडू लागली. सोजरबाई जागच्या हलल्या नाहीत.

"नातू असता तर तुम्ही धावला असतात, आई," मिनल म्हणाली.

सोजरबाईंनी मान खाली घातली. खरं सांगण्यापेक्षा हा डाग त्यांना परवडला.

त्या हिवाळ्यात खोकला धरला आणि लपवणं अशक्य झालं. गावातल्या डॉक्टरांनी लघवी तपासली. त्यात काही निघालं नाही, म्हणून सोनोग्राफीला संत तुकाराम नगरच्या एका दवाखान्यात पाठवलं. मुलाची शिफ्ट होती, म्हणून मिनल सोबत गेली. तिला एवढंच माहीत, की सासूचं पोट दुखतंय.

डॉक्टरीणबाईंनी यंत्र पोटावर नाही, खाली, मांड्यांच्या मधे बाहेरून टेकवलं. "आता जोरात खोका."

"नगं बाई. हिथंच व्हईल."

"होऊ द्या. तेच बघायचंय."

त्या खोकल्या. खालची चादर भिजली. त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला.

"हे बघा, खोकताना मूत्राशयाचं तोंड खाली सरकतं, उघडतं. बाळंतपणांनी खालचा आधार सैल पडलाय. खूप बायकांना होतं हे. आणखी कधी होतं?"

बाहेर थांब म्हटलं होतं, तरी मिनल पडद्याशीच उभी होती. सोजरबाई मग पदराआडूनच म्हणाल्या, "नात उचलली की."

मिनल खाली वाकून सासूच्या चपला सरळ लावत बसली.

परतताना रिक्षात तिनं विचारलं, "मला का नाही सांगितलंत? मी काय काय बोलले तुम्हाला..."

"काय सांगू? सासू लुगड्यात मुतती म्हणून?"

दोघी दोन बाजूंना बघत घरी आल्या.

डॉक्टरीणबाईंनी खालचे स्नायू आवळायचा व्यायाम शिकवला होता. फरक नाही पडला तर ऑपरेशन करू, म्हणाल्या होत्या. सोजरबाई नेमानं व्यायाम करू लागल्या. बबनरावांना सांगितलं, कंबरेचा हाय. त्या बसल्या की मिनल पोरीला त्यांच्या मांडीवर आणून ठेवायची.

काही महिन्यांनी पुन्हा तपासणीला गेल्या.

"कमी झालंय का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"निम्म्यानं," उत्तर मिनलनंच दिलं. घरातले परकर आता तीच धूत होती. सोजरबाईंचे कान तापले. पण या खेपेला त्यांनी तिला बाहेर थांब म्हटलं नाही.