धोंडिबाअण्णांचा घण

दुरुस्त केलेली कुठलीही टाकी धोंडिबाअण्णा घणाने हाणल्याशिवाय ताब्यात देत नसत. चिंचवडच्या आमच्या कंपनीत ते मेन्टेनन्सचे मुकादम होते. वेल्डिंग गार झालं की घण उचलायचे, प्रत्येक जोडावर अंगातलं सगळं बळ लावून घालायचे आणि काही निघालं नाही तर म्हणायचे, "माज्या हातानं फुटलं न्हाई, आता पान्याच्या बापाला फुटायचं न्हाई." मी तेव्हा नवा सुपरवायझर होतो. पहिल्यांदा तो आवाज ऐकून मला वाटलं, हा माणूस टाकी दुरुस्त करतोय की तिच्यावर सूड उगवतोय!

माणसांशीही त्यांचं तसंच होतं. रावेतच्या शेतकरी घरातला हा धिप्पाड गडी. बोलणं मागाहून, हात आधी. चुकीचा पाना दिला म्हणून हेल्परच्या थोबाडीत, कामात कुचराई केली म्हणून दुसऱ्याच्या पाठीत गुद्दा. एका ठेकेदाराला तर त्यांनी मानगूट धरून तेलकट पाण्याच्या टाकीत बुडवलं, वर काढलं आणि पुन्हा बुडवलं. त्यानंतर वर्क्स मॅनेजरसाहेबांनी बजावलं होतं, "आता कोणाच्या अंगाला हात लागला तर कायमचं घरी बसावं लागेल." मला अण्णा आवडत, हे मी लपवत नाही; पण त्यांच्या हाताच्या टप्प्यात उभं राहायला मी कधी धजावलो नाही.

त्यांचा मेव्हणा शिवा आमच्याकडेच वेल्डर होता, पण टेम्पररी. आईबाप लहानपणीच गेलेल्या या भावाला अण्णांच्या बायकोने, पारूवहिनींनी, पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. त्याचं लग्न ताथवड्याच्या मुलीशी ठरत आलं होतं. मुलीच्या बापाची एकच अट होती, जावई परमनंट पाहिजे. त्या काळी आमच्या भागात पत्रिकेच्या आधी हेच विचारत. साहेबांनीही शब्द दिला होता की गेस्ट हाऊसचा हौद नीट झाला की शिवाला कायम करतो.

हा हौद परदेशी पाहुण्यांना पोहण्यासाठी, आमच्याच वर्कशॉपमध्ये पोलादी पत्रे जोडून जमिनीवर उभा केलेला. आतून जाड प्लॅस्टिकचं अस्तर. ते फाटलं म्हणून बदलायचं ठरलं, आणि जुनं ओढून काढलं तर मागचा पत्रा बुडाशी पापडासारखा झालेला. झिरपलेलं पाणी अस्तराआड कोंडून राहिलं होतं आणि आतल्या आत पोलाद खात होतं. अण्णांनी सगळ्यांना छिन्नी-हातोड्यांनिशी आत उतरवलं. कानठळ्या बसत होत्या, लाल भुगा नाकातोंडात जात होता, आणि अण्णा वरून ओरडत होते, "गंजाला दया नगं! जितं लोखंड दिसंस्तवर फोडा!" सडलेला भाग कापून तिथे नवे तुकडे वेल्ड करायचं काम शिवाकडे होतं.

रंग वाळल्यावर अण्णा घण घेऊन हौदात उतरले. मी आणि शिवा सोबत होतो. एकेक जोड हाणत ते शिडीपाशी आले. घाव बसला आणि तिथला तुकडा सुटून बाहेरच्या गवतात पडला. फटीतून वेल्डिंगच्या रॉडचे तुकडे खाली ओघळले. तुकडा कमी पडला म्हणून शिवाने फटीत रॉड कोंबले होते आणि वरून वेल्डिंगचा पातळ थर देऊन, घासून, रंग मारला होता. असं करणारे वेल्डर तेव्हा पुष्कळ होते, आजही असतील. पण भरल्या हौदात तो जोड सुटला असता तर पाण्याच्या रेट्याने आतला माणूस त्या फाटक्या पत्र्यावर ओढला गेला असता.

"कुनी केलं ह्ये?"

"मी, दाजी. उद्या अस्तर लावून पानी सोडायचं म्हनून घाई…"

अण्णांनी हातातला घण टाकला, तेवढं देवानं केलं. मग त्यांनी शिवाला धरलं आणि त्याचं तोंड त्याच पत्र्यावर आपटलं. पुन्हा आपटलं. दात पडले, नव्या रंगावर रक्ताचे ओघळ आले. खाली पडलेल्या पोराला ते लाथा घालत राहिले. मी मध्ये पडलो तर मलाही भिंतीवर भिरकावलं. शिवाने स्वतःला वाचवायलासुद्धा हात वर केला नाही. मला तेव्हा अण्णांची किळस आली.

आरडाओरडा ऐकून साहेब धावत आले. "धोंडिबा! काय चाललंय हे?"

अण्णा धापा टाकत थांबले. त्यांनी त्या भगदाडाकडे पाहिलं, मग शिवाकडे.

"जोड माजा हाय, सायेब. म्या केलता. ह्या पोरानं चूक दावली, मला सोसलं न्हाई."

साहेबांना जराही शंका आली नाही. आयुष्यभराच्या मारामाऱ्या त्या दिवशी अण्णांच्या कामी आल्या. साहेबांनी मला विचारलं. मी म्हणालो, "हो, असंच झालं," आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच म्हणेन. शिवा काही बोलू पाहत होता, तोच अण्णा ओरडले, "गप! थोबाड सुजलंय, बोलू नगंस!"

अण्णांची नोकरी गेली. शिवाने तो जोड पुन्हा, यावेळी चोख केला. तो परमनंट झाला, त्याचं लग्नही झालं. पारूवहिनींनी मात्र नवऱ्याशी बोलणंच टाकलं. ताट वाढायच्या, पुढ्यात ठेवायच्या आणि आत निघून जायच्या. मला ते पाहवेना. खरं काय ते वहिनींना सांगतो म्हटलं तर अण्णा उसळले, "तोंड उघडलंस तर तुला बी हानीन. भाऊ तिच्या नजरंतनं उतरंल." पुढे ते थकले, खंगले, पण घरातला तो अबोला त्यांनी तसाच सोसला.

अण्णा गेले. दिवसकार्य झाल्यावर मी वहिनींसमोर बसलो आणि म्हणालो, "वहिनी, हौदातला तो जोड अण्णांचा नव्हता. शिवासाठी ते खोटं बोलले."

"मला ठावं हाय. शिवानं त्याच सांजंला सांगितलं हुतं."

"मग इतकी वर्षं…?"

"नोकरी घालवली, त्यासाटी त्यांच्या पायावर डोकं ठिवलं असतं म्या," वहिनी म्हणाल्या. "पर चूक अंगावर घ्यायचीच हुती, तर पोराला मारायच्या आदी घ्यायची हुती."