वल्ह्याचे दोन ठोके

माझ्या डाव्या खांद्यावरचे चार वण पाहून नवखा माणूस विचारतोच, आणि मग मला अनाक्लेतोबद्दल सांगावं लागतं. नुसता त्याला दोष देऊन मोकळं होता येत नाही, हीच अडचण आहे.

माझ्या थोरल्या मुलाचा तो बाप्तिस्म्यातला धर्मपिता. म्हणून मी त्याला कोम्पाद्रे म्हणायची, तो मला कोमाद्रे. तीस वर्षं त्याने कुयाबा नदीवर लॉजच्या पर्यटकांची होडी चालवली. त्याचा बाप जग्वार मारायचा. याने बापाची नजर घेतली आणि ती जग्वार दाखवायला वापरली. काठावरचं दबलेलं गवत बघून म्हणायचा, "आत्ताच उठलीय. गप्प बसा." थोड्या वेळाने जग्वार मादी खरंच पाण्याकडे यायची. दुर्बिणी लावून बसलेले म्हातारेकोतारे लोक रडायला लागायचे आणि हा त्यांना कधी हसायचा नाही. त्याची ही एक गोष्ट मला फार आवडायची. बाकी माणूस हट्टी, आणि दुसऱ्याच्या कॉफीत साखर घालताना कंजूष.

माझं काम त्याच नदीतलं. कमरेभर पाण्यात उभं राहून मी गळाला लावायचे छोटे मासे पकडते. जलपर्णीखाली मोठी चाळण सरकवायची, उचलायची आणि होडीच्या पत्र्यावर दोनदा आपटायची. पाला झडतो, मासे राहतात. माझी आई आणि आजीही असंच करायच्या.

मोठ्या वणव्याच्या वर्षी एका जग्वार मादीचे पुढचे पंजे भाजले. जनावरांच्या डॉक्टरांनी तिला बरं करून सोडलं, पण ती लंगडतच राहिली, म्हणून नाव पडलं लंगडी. तिला शिकार जमेना. बरगड्या वर आल्या. अनाक्लेतोला ते रोज बघावं लागायचं. एका सकाळी त्याने होडीच्या कडेवर वल्ह्याने दोन ठोके दिले आणि चार मासे काठावर फेकले. जंगली जनावराला खायला घालायला बंदी आहे, हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. महिनाभर त्याने तिला पोसलं आणि ती सावरली. तिथे त्याने थांबायला हवं होतं. पण एकदा होडीत एक आजारी बाई होती, दोन दिवस तिला जग्वार दिसला नव्हता आणि दुसऱ्या दिवशी ती परत जाणार होती. याने दोन ठोके दिले. लंगडी आली. मग चटकच लागली, लंगडीला आणि त्यालाही.

ऑगस्टमध्ये एका सकाळी मी चाळण पत्र्यावर दोनदा आपटली, तर मागे पाणी सळसळलं. वळले तो लंगडी हातभर अंतरावर. मी किंचाळून चाळण तिच्या तोंडावर मारली, तेव्हा तिने पंजा घातला. ती मला खायला आली नव्हती, मासे मागायला आली होती, हे मला नंतर कळलं. कशी होडीत चढले ते आठवत नाही.

पोकोनेच्या दवाखान्यातून घरी आले, तेव्हा पलीकडच्या गुरांच्या वाडीचा मुकादम दिविनो बंदूक घेऊन ओसरीवर बसला होता. "आज बाईवर आली, उद्या लेकरांवर येईल. मी तिला उडवतो," तो म्हणाला. मीही मान डोलावली. तेवढ्यात फाटकाबाहेर टाळ्या वाजल्या. आमच्याकडे परका माणूस अशा टाळ्या वाजवून हाक मारतो. बाहेर अनाक्लेतो उभा होता.

"आत ये की, कोम्पाद्रे. का आता आमंत्रणपत्रिका छापू?"

त्याने टोपी काढली. "कोमाद्रे, लंगडीला मी खायला घालत होतो. वल्ह्याचे दोन ठोके देऊन बोलवायचो."

मला समजायला वेळ लागला. मग खांदा ठणकायला लागला.

"म्हणजे माझी चाळण ऐकून..."

"हो."

"पर्यटकांपुढे मिरवायला?"

"आधी दया आली म्हणून. मग मिरवायला."

दिविनो म्हणाला, "मग तर मारायलाच हवी. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही."

"खोड मी लावली, मीच मोडतो. पाणी चढेपर्यंत वेळ दे."

"खांदा हिचा आहे. हिने सांगावं."

मला अनाक्लेतोच्या थोबाडीत मारावंसं वाटत होतं. म्हटलं, "मोड. नाही मोडली, तर गोळी घालताना तू शेजारी उभा राहायचं."

त्याच दिवशी त्याने लॉजवरही कबूल केलं. पर्यटकांची होडी चालवायचा परवाना गेला. मग स्वतःच्या जुन्या होडीतून तो रोज सकाळी लंगडीच्या काठाला जाऊ लागला. दोन ठोके द्यायचा, लंगडी यायची, आणि हा तिला काही द्यायचा नाही. जवळ आली की डबा बडवायचा, शिव्या घालायचा. शेजारून जाणारे नावाडी टोमणे मारायचे, "काय काका, दाखवायचे दिवस संपले, आता हाकलायचे का?" संध्याकाळी माझ्या ओसरीवर येऊन बसायचा. तेरेरेचं, म्हणजे आमच्याकडच्या थंड पाल्याच्या चहाचं, शिंग हातात तसंच धरून म्हणायचा, "पुन्हा बरगड्या दिसायला लागल्यात गं." मला राग होता, आणि तिची काळजीही वाटायला लागली होती.

मग पाऊस सुरू झाला, पाणी चढायला लागलं. दिविनो बंदूक घेऊन काठावर आला. अनाक्लेतो होडीत बसला. खोड मोडली का ते बघायला पाण्यात उतरायचं होतं मला. पाचावर धारण बसली होती, तरी उतरले. चाळण भरली आणि पत्र्यावर दोनदा आपटली.

काही झालं नाही. मी पुन्हा आपटली.

समोरच्या काठावरचं गवत हललं आणि लंगडी उभी राहिली. तोंड रक्ताने माखलं होतं; मागे गवतात मोठा कापिवारा, डुकराएवढी पाणघूस, पडलेला. शिकार तिची स्वतःची होती. दिविनोने बंदूक उचलली. लंगडीने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पाठ फिरवली, मानेला धरून कापिवारा ओढत ओढत झाडीत निघून गेली. दिविनोने बंदूक खाली केली.

आयुष्यभर जग्वार दाखवणाऱ्या अनाक्लेतोने डोळे गच्च मिटून घेतले होते.

"गेली का?" त्याने विचारलं.

"गेली," मी म्हटलं. "स्वतःचं जेवण घेऊन गेली."

तो रडायला लागला, दुर्बिणी घेऊन येणारे ते लोक रडायचे तसा, आणि मी हसले नाही.