पोच मिळेपर्यंत साहेबांनीही उठायचं नाही

मैत्रिणींनो, सकाळी घडलंय, पण माझा राग अजून उतरलेला नाही.

मी उंब्रजला ब्लाऊज शिवते. नवऱ्याच्या ऑपरेशननंतर महिला गटाच्या कर्जाचे माझे तीन हप्ते थकले. आमच्या गटात नियमच आहे, सगळ्यांचे हप्ते जमा होईपर्यंत सतरंजीवरून कुणी उठायचं नाही. मग स्वयंपाक खोळंबलेल्या बायका जिचा हप्ता थकला तिलाच शिव्या घालतात. मागच्या वर्षी आम्ही शोभाला असंच रडवलं. त्यात मीही होते.

आज मी पैशांऐवजी अर्ज नेला. हप्ता निम्मा करून मुदत वाढवा, नाहीतर नकार लेखी द्या.

वसुलीच्या साहेबांनी तो वाचलाही नाही. म्हणाले, "असलं काही चालत नाही. आता तुमच्यामुळं या सगळ्या बसणार."

मी म्हटलं, "बसू दे. मी बुडवत नाहीये, फेडायला वेळ मागतेय. अर्ज मिळाल्याची सही करून पोच द्या."

मला वाटलं, आता रडायची पाळी माझी.

तेवढ्यात शोभा बसल्या बसल्या सरकत गेली आणि थेट दारात जाऊन बसली. "आवं सायब, नियम सगळ्यास्नी सारखा. सही झाल्याबिगर तुमी बी उठायचं न्हाई."

साहेबांनी घड्याळ बघितलं, दार बघितलं आणि सही केली.

कर्ज आहेच, ते फेडणारच. पण कुणाच्या शिव्या खात नाही.

तुमच्या गटात कुणाचे हप्ते थकलेत? तिच्यासाठी दारात कोण बसणार?