तपासायची राहिलेली वायर

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी डोंबिवलीहून ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात कामाला जायची. तिथे आम्ही आठ-दहा बायका कीबोर्ड जोडायचो. शेवटचं टेबल माझं, तपासणीचं. कॉम्प्युटरला कीबोर्ड लावायचा, वरच्या रांगेपासून एकेक बटण दाबायचं, पडद्यावर तेच अक्षर उमटतं का बघायचं. शेवटी वायर मुळाशी धरून हलवायची. हलवल्यावर अक्षरं यायची थांबली, तर वायरीचा जोड कच्चा. मग लाल चिकटपट्टी लावून कीबोर्ड परत.

रोजच्या काढ-घालीने कॉम्प्युटरचं सॉकेट झिजू नये म्हणून त्याला हातभर लांब एक्स्टेन्शन वायर लावून ठेवलेली असे. प्रत्येक कीबोर्डची पिन मी तिच्या तोंडात खुपसायची; वायर हलवली की पिनही तिथे हलायची.

वायरींचे जोड सोल्डर करायला कोलशेतची एक कोळीण होती. चाळिशीची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. खाडीत मासळी उरली नाही म्हणून ती इकडे वळली होती. जाळी विणलेला हात, सोल्डरिंग तिला आठवड्यात जमलं. नोकरी अजून कच्ची होती, पण दिवाळीला कायम करतो असं शेठनी तिला सांगितलं होतं, आणि ती दिवाळीकडे डोळे लावून बसली होती.

खंडेनवमीला आम्ही सगळ्या हत्यारांची पूजा केली. पकडी, मीटर, सोल्डरिंग आयर्न, कॉम्प्युटर. हळदकुंकू मी लावलं, ओल्या बोटाने आणि सढळ हाताने. सगळ्यात जास्त राबते ती ही, म्हणून एक्स्टेन्शनलाही लावलं, अगदी तिच्या तोंडावर.

दसऱ्यानंतर लाल पट्ट्या वाढल्या. बटणं ठीक, पण वायर हलवली की कीबोर्ड गप्प.

"मावशी, आज परत सात. लक्ष कुठे असतं तुमचं?"

"माजा जोड पक्का हाय बाय." तिने मीटरची टोकं जोडाला लावली. मीटर वाजला. "आयिक. वाजतंय का नाय?"

"तुमच्याकडे वाजतो, माझ्या टेबलावर बंद पडतो."

"मंग तुजं टेबल बग."

पॅकिंगवाली खिदळली. "मावशी, मॅडमचं टेबल काय भरतीला हलतं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले.

नव्या मुलींना मीच शिकवायची की बिघाड शोधताना एकेक वस्तू बदलून बघा, आधी कीबोर्ड, मग वायर, मग मशीन. दुसरी एक्स्टेन्शन माझ्या मागच्या कपाटात पडलेली होती. बदलायला दोन मिनिटं लागली असती. मी कीबोर्डच बदलत राहिले. माझ्या टेबलावर काही चुकत असेल, हे माझ्या मनाला शिवलं नाही. तपासणारी मी होते ना.

शेठनी विचारलं, जोड कोणाचे? मी सांगितलं. खोटं काही सांगितलं नाही.

दिवाळीच्या चार दिवस आधी मावशीला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. तिने सोल्डरिंग आयर्नचं टोक पुसलं, टेबल आवरलं, पिशवी उचलली. माझ्याजवळून जाताना एवढंच म्हणाली, "यकदा टेबल बग, बाय."

दिवाळीनंतर तिच्या जागी दुसरी मुलगी बसली. लाल पट्ट्या तेवढ्याच. तिसऱ्या दिवशी मी कपाटातली एक्स्टेन्शन काढून लावली. परत पाठवलेले सगळे कीबोर्ड एकेक करून पुन्हा तपासले. सगळे चालले. वायर कशीही हलवा, चालले. मग जुन्या एक्स्टेन्शनच्या भोकांत स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस काडीने फिरवला. बाहेर आला तो लाल-पिवळा.

शेठना मी म्हटलं, "एक्स्टेन्शन खराब झाली होती, बदलली." ते "बरं" म्हणाले आणि फोनकडे वळले. मावशीला परत बोलवा, हे वाक्य माझ्या तोंडाशी तयार होतं. पण मग कुंकवापासून सगळं सांगावं लागलं असतं. माझ्या तपासणीवर शेठचा डोळे झाकून विश्वास होता, आणि मला तो हवा होता. कापूस मी कचऱ्यात टाकला.

पुढच्या उन्हाळ्यात ती मला ठाण्याच्या मासळी बाजारात दिसली. दुसरीकडून आणलेली कोळंबी घेऊन बसली होती. टाळायला उशीर झाला होता. तिनेच हाक मारली.

"काय गो बाय, गावला का फॉल्ट?"

सहा महिने मी ते उत्तर घोळवत होते. समोर ती, मध्ये एक पाटी, घाई कसलीच नव्हती.

"नाही अजून," मी म्हटलं.

कोळंबी सोलता सोलता तिने एकदा माझ्याकडे वर बघितलं.

"टेबल बगलंच नसशील," ती म्हणाली, आणि माझ्या मागच्या गिऱ्हाइकाला भाव सांगायला लागली.