अकरातला एक गुंठा

बाळाबाई,

तुला वाचता येत नाही, तेव्हा जुईलीकडून हे वाचून घे. लेक शिकवलीस ती कशाला? डोंगरात परत गेलीस ती गेलीस, जाताना दाराची चौकट माझ्या पडवीत ठेवून गेलीस. येणारा जाणारा विचारतो, हे काय? दर वेळी पहिल्यापासून सांगायचा मला कंटाळा आलाय. विचारणाऱ्यांसाठी एकदाच लिहून टाकते.

तर बाळाबाई ही मुठा खोऱ्याच्या वरच्या अंगाची. लग्न होऊन खाली आली आणि बांधकामांवर पाणी मारायला लागली. नव्या स्लॅबवर, ओल्या भिंतींवर दिवसभर पाइप धरायचा. पाणी कमी पडलं की सिमेंट तडकतं. महाळुंग्यातल्या कितीतरी उंच इमारती हिने भिजवल्यात. नांद्यात माझं घर बांधलं तेव्हाही हीच होती. नवरा गेला तरी काम तेच, आणि भाड्याची पत्र्याची खोलीही तीच.

एकदा ही महाळुंग्यात फ्लॅट बघायला गेली. तिथल्या मुलीनं पगाराची स्लिप मागितली. "म्या म्हनलं, ह्या बिल्डिंगीला पानी मीच मारलंय. ती म्हनली, मावशी, त्यावर लोन होत नाही." सांगताना बाळाबाई हसत होती. मी हसले नाही.

मग शंभू पुढे आला. हिचा मुकादम, मानलेला भाऊ. दर भाऊबीजेला येऊन ओवाळून घ्यायचा. त्याचं म्हणणं, एकट्यादुकट्याला गुंठा नावावर होत नाही, म्हणून आपण अकरा जण मिळून अकरा गुंठे घेऊ. खरेदीखत एकच, सातबारा एकच. कुणाचा तुकडा कुठला ते आपसात तोंडी.

मी स्पष्ट सांगितलं, "मोजणी करून हद्दी घालून मिळत असेल तर घे. नाहीतर नको."

"हद्दीवाली जागा आमाला कोन देतंय, बाई?"

"मग डोंगरात तुझ्या वाडीवर राहा. घर आहे ना तिथं?"

"तितं घर हाय, पोटाला न्हाई."

हिने लग्नातल्या डोरल्यासकट होतं नव्हतं ते विकून पैसे भरले. शंभूनं स्वतःच्या हातानं हिच्या गुंठ्याच्या चार कोपऱ्यांना दगड रोवले.

जोतं झालं की भिंतींच्या आधी दाराची चौकट उभी करायची, ही रीत. जुन्या सागाची चौकट, तिला हळदकुंकू, वर आंब्याचा डहाळा. नारळ शंभूनं फोडला. चौकट उभी राहिली म्हणजे घर उभं राहिलं, असं हिचं पक्कं. त्या उघड्या रानात मी चौकटीतून आत निघाले तर म्हणते, "बाई, चपला भाईर काडा." मी काढल्या.

भिंतींपुरता पैसा जमायच्या आत, वर्षभरानं मागच्या जमिनीत मोठा प्रकल्प आला आणि त्याला रस्त्याकडेचे हे अकरा गुंठे हवे झाले. दहा जणांनी आपले हिस्से विकले. पहिली सही शंभूची. हिला कुणी विचारलंसुद्धा नाही. एका सकाळी ट्रॅक्टरला दोर बांधून चौकट उपटून रस्त्याकडेला टाकली आणि सगळीकडून पत्रे ठोकले. प्रकल्पाचा माणूस गोड बोलला, "तुमचा हिस्सा आहेच की मावशी. कुठं, ते वाटपात ठरेल. कोर्टात जा."

मी हिच्याबरोबर गेले होते. शंभूला बोलावून घेतलं.

"शंभूदादा, माजे दगड कुटं हुते त्ये सांग ह्यास्नी."

तो मोबाईलमध्ये बघत म्हणाला, "सामाईक जागेत दगड कसले, आक्का?"

"आन नारळ कुनी फोडला?"

"नारळ काय, लोक कुटंबी फोडत्यात."

त्यानंतर मी त्याला जे बोलले ते छापण्याजोगं नाही.

तरी भाऊबीजेला हा साडी घेऊन हजर. बाळाबाईनं ओवाळलं नाही, हाकललंही नाही. दारातून म्हणाली, "साडी ऱ्हाऊ दे. चौकट कुटं उभी करू, तेवडं सांग." तो साडी पायरीवर ठेवून निघून गेला. साडी तिथंच पडून राहिली. शेवटी शेजारणीनं नेली.

मी म्हटलं, वाटपाचा दावा लाव, वकिलाचं मी बघते. तर म्हणाली, "तितं बी त्यो हुबा ऱ्हानार आन म्हननार, दगड कसले. मला पुन्यांदा न्हाई ऐकायचं त्ये." आणि वाडीवर निघून गेली. तिचा गुंठा कागदावर अजून आहे. जमिनीवर कुठं आहे ते शंभूला ठाऊक आहे.

बाळाबाई, चौकटीला मी तेल लावते, वाळवी नाही लागलेली. चौकट बसवलीस त्या दिवशी सुतळीचा तुकडा दिला होतास, दाराच्या कडीच्या मापाचा. "बोहरी आळीत जाल तवा पितळंची आना, बाई. लोखंडाची गंजती." मी म्हटलं होतं, दार बसू दे, आणते. सुतळी अजून माझ्या पर्समध्ये आहे. परवा बोहरी आळीत गेले होते. पितळेच्या कड्या बघितल्या, नळाची तोटी घेतली आणि परत आले.