पाणी जायचं दार

ज्या बिल्डरनं मला प्लॉट विकला, त्यानं मला फसवलं. ओढ्यावर मुरूम टाकून त्यानं जमीन सपाट केली आणि ‘पूररेषेच्या बाहेरची’ म्हणून माझ्या गळ्यात मारली. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलंय, चौकातही सांगतो. पण मला ते दाखवून दिलं एका बाईनं.

बांधकाम परवाने देणाऱ्या ऑफिसात ती अभियंता होती. प्लॉटवर आली की पर्समधून पाण्याची बाटली काढायची, टोपण उघडायची आणि सरळ जमिनीवर ओतायची. पहिल्याच वेळी मी घाईघाईनं नकाशा पुढं केला, तर म्हणाली, “कागद ऱ्हाऊ द्या. आधी पाणी कुठं जातंय बघू.”

पाणी मुरमावरून ओघळत गेलं, कंपाउंडच्या भिंतीला टेकलं आणि तिथंच साचलं.

“ही भिंत कुणाची?”

“माझी. बिल्डरकडनं फुकट बांधून घेतली,” मी छाती काढून म्हणालो. भंगाराच्या हातगाडीवरून हार्डवेअरच्या दुकानापर्यंत आलेला माणूस मी. सौद्यात काहीतरी वर पडल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही.

“फुकट न्हाय, काका. मागं अर्धा बुजवलेला ओढा हाय, तो दिसू नये म्हणून बांधलीया.”

माझं डोकं फिरलं. त्या दिवशी बिल्डरला शिव्या घातल्या, तिलाही घातल्या. ती शांतपणे टोपण लावत उभी.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आवाज चढवत नाहीत, आणि जागची हलतही नाहीत. तिचा नियम ठरलेला: पुराच्या निळ्या रेषेच्या आत, नदीकडं, बांधायचंच नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधा, पण खाली नुसते खांब; राहणं आणि माल वर. माझा प्लॉट नेमका मधल्या पट्ट्यात. मला तर खाली दुकान, वर घर हवं होतं. त्याच आशेवर मी जुना गाळा सोडला होता.

“मॅडम, निम्मं तुमचं, निम्मं माझं. अर्धा गाळा तरी द्या की.”

“माझ्याशी काय घासाघीस करताय? पाण्याशी करा. ते कमी करतंय का बघा.”

“तुम्हाला काय, खुर्चीत बसून बोलायला!”

“मी शिरोळची, काका. पुरातच वाढलो. वाडीला दत्ताच्या देवळात पाणी शिरतं, तर लोक हात जोडून आंघोळीला जातात. का? एका दारानं येतं, दुसऱ्या दारानं जातं. तुमच्या भिंतीला जायचं दार कुठं ठेवलंय?”

दोन दिवस मी तिच्यावर धुमसलो आणि तिसऱ्या दिवशी गवंडी बोलावला.

भिंतीला खालून मोठी भोकं पाडायला लागलो, तसे पलीकडचे टेलरचाचा धावून आले. “काय शेठ, तुमचं पाणी माझ्या मशिनीवर सोडताय व्हय?”

बाई तिथंच होती. तिनं चाचांच्या अंगणात बाटली ओतली. “चाचा, तुमच्याबी भिंतीला दार पाडा.”

“मग माझं पाणी कुठं?”

“पुढच्याकडं. त्याचं नदीकडं. नदी तेवढी कुणाशी भांडत न्हाय.”

चाचा हसले. भांडत, कुरकुरत, एकमेकांवर नजर ठेवत सगळ्या गल्लीनं भिंतींना दारं पाडली. मुरूम उकरला, ओढा उघडा पडला. बिल्डरला तिनं नोटीस काढली, आणि पाठोपाठ तिची बदली झाली. जाताना प्लॉटवर आली, पाणी ओतलं. ते भिंतीखालून सुळकन ओढ्यात उतरलं. “आता बांधा,” एवढंच म्हणाली. चहालाही थांबली नाही.

पुढच्या मोठ्या पुरात माझ्या खांबांमधनं पाणी वाहत होतं आणि वरच्या मजल्यावरच्या दुकानातला खिळाही भिजला नव्हता. चाचा मशिनीसकट माझ्याकडं वर राहायला आले होते. पाणी ओसरलं त्या दिवशी तिचा फोन आला.

“पाणी आत आलं?”

“आलं की.”

“गेलं?”

“आजच गेलं.”

“मग बास,” म्हणाली आणि फोन ठेवला.

गेल्या आठवड्यात त्याच बिल्डरचे डंपर ओढ्याच्या वरच्या अंगाला मुरूम टाकताना दिसले. फलक तोच, ‘पूररेषेच्या बाहेर’. पेठ वडगावचं एक जोडपं प्लॉट बघायला आलं होतं. मी आणि चाचा जाऊन उभे राहिलो. मी खिशातनं बाटली काढली.

“पावणं, कागद ऱ्हाऊ द्या,” मी म्हणालो आणि पाणी ओतलं. ते भरावाला टेकून थांबलं. जोडप्यातल्या बायकोनं नवऱ्याकडं बघितलं आणि हातातला नकाशा घडी करून बिल्डरच्या माणसाला परत दिला.

आता आम्ही अख्खी गल्ली भरलेल्या बाटल्या घेऊन ऑफिसात जाणार आहोत. आमच्या अभियंता बाईची बदली कुणी केली? तिच्या मागं ओढ्यावर मुरूम टाकायला मुभा कुणी दिली? ज्यानं सही केली त्यानं खुर्चीतनं उठून भरावावर यावं, आमच्यासमोर पाणी ओतावं आणि ते कुठनं जायचं, हे बोट करून दाखवावं.